स्कॅनर आणि रकाना क्रमांक सहा

शिबिरात एकशे अकरा बायका आल्या. एकशे नऊ जणींचे दात तपासले गेले. उरलेल्या दोघींना दात नव्हते.

*

कुकरचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून गच्चीवर तारेला टांगलं की ते लहरी चांगल्या पकडतं. वरण शिजवायलाही तेच झाकण लागतं, हे रविवारी साडेअकराला लक्षात येतं.

*

‘यातून गोळी सुटते का?’
‘नाही.’
‘धूर?’
‘नाही.’
‘मग हा आमच्या टेबलाचा विषय नाही.’

*

पोवारी बोली कळत नाही, असं म्हणायची सोय ताराचंद शहारे यांना नव्हती. त्यांचं लहानपण आमगावात पोवारांच्या पोरांबरोबर विटीदांडू खेळण्यात गेलं होतं.

*

आवक रजिस्टरातला सहावा रकाना ‘केलेली कार्यवाही’ हा असतो. तो कोरा ठेवता येत नाही.

*

हे सगळं विटेएवढ्या एका काळ्या डब्यामुळे झालं. 2002 च्या दिवाळीत पार्वताबाई शहारेंचा भाऊ विवेक फुलचूरला बहिणीकडे आला. तो जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. सिंगापूरहून त्यानं बहिणीला साडी आणली आणि भाऊजींना, म्हणजे ताराचंदबाबूंना, हा डबा. डब्याला रबरी शेपटी होती, पोटावर तीस बटनं होती आणि काचेच्या एका पट्टीवर आकडे सैरावैरा पळत होते.

‘भाऊजी, याले स्कॅनर म्हणतात,’ विवेक म्हणाला. ‘आपला रेडिओ एका स्टेशनावर बसून राहते. हा घरोघर हिंडते. कुठं कोणी बोलताना सापडलं का थांबते अन् आइकते.’

‘आमच्या कॉलनीत असे चार जण आहेत,’ पार्वताबाई म्हणाल्या. ‘हे पाचवं कायले आणलंस?’

विवेक दुसऱ्या दिवशी गेला. मागे राहिलं शहाण्णव पानांचं इंग्रजी माहितीपुस्तक. ताराचंदबाबू पाटबंधारे खात्यात बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, होते. सत्तावीस वर्षं त्यांनी शासन निर्णय वाचले होते, म्हणून हे पुस्तकही त्यांनी तसंच वाचलं: पहिल्या पानापासून, ओळीखाली पट्टी धरून, समासात पेन्सिलीनं ‘पाहिले’ असं लिहीत. डब्यात दोनशे खण होते. प्रत्येक खणात एकेक आकडा भरायचा, म्हणजे डबा त्या आकड्यावर कान लावतो. भरायची रीत अशी की आधी एक बटन, मग खणाचा नंबर, मग दुसरं बटन, मग आकडा, मग तिसरं. क्रम चुकला की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा डबा ओरडे. तीन रविवार ओरडून घेऊन त्यांनी एकशे सत्तर खण भरले. उरलेले तीस भविष्यातल्या गरजेसाठी राखीव ठेवले.

मग त्यांनी स्वतःच्या खिशातून एक रजिस्टर आणलं (ऑफिसातलं आणलं नाही, हे ते विचारल्याशिवाय सगळ्यांना सांगत) आणि लाल शाईनं सहा रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, चॅनेल, कोणाकडून, विषय, केलेली कार्यवाही. आठ दिवस ते संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ऐकत बसले. काहीच आलं नाही. आठ दिवस रजिस्टरात ‘निरंक’ अशी नोंद पडली. देशात एकंदर शांतता आहे, असं त्यांचं मत बनत चाललं होतं.

नवव्या दिवशी समोरचे छोटेलाल आले. ते रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून रिटायर झाले होते, आणि कॉलनीत कुणी पेचकस हातात घेतला की त्यांना घरबसल्या कळत असे. त्यांनी डबा फिरवून पाहिला, वरची एक खुंटी पाहिली आणि मग ताराचंदबाबूंकडे पाहिलं.

‘बडे बाबू, ये खरखर दबाने की खुंटी है. आपने पूरी कस दी. बेचारे को बहरा कर दिया और पूछ रहे हो, सुना क्या.’

खुंटी सैल झाली आणि दिवाणखान्यात एक गार्ड बोलला. ‘ड्रायव्हर साब, पीछे सब ठीक.’ ‘ओके गार्ड साब.’ एवढंच. पण सोफ्याच्या आणि टीव्हीच्या मधून एक अख्खी मालगाडी निघून गेल्यासारखं ताराचंदबाबूंना वाटलं. त्यांनी लगेच लिहिलं:

अ.क्र. 9. चॅनेल 3. गार्ड यांचेकडून. विषय: पाठीमागे सर्व ठीक असलेबाबत. कार्यवाही: नोंद घेतली.

गाडी ऐकू आल्यावर कॉलनीतून सल्ले येऊ लागले. शेजारचे इंदरलाल पटले, म्हणजे रिटायर झालेले पटले गुरुजी, म्हणाले, ‘शेपटीचं तोंड नागपूरकडे करा. जे का येते ते तिकडूनच येते.’ छोटेलाल म्हणाले, रायपूरकडे. गच्चीवर तार ताणायला दोघंही चढले आणि तार उत्तर-दक्षिण ताणली गेली, कारण कपडे वाळत घालायच्या खुंट्या तशाच होत्या. कुकरचं झाकण त्याच दिवशी वर गेलं. त्या रविवारी शहारेंकडे वरण नव्हतं. पार्वताबाईंनी ते का नव्हतं हे कुणालाही सांगायला कमी केलं नाही.

आता ताराचंदबाबू कायद्याचा माणूस. असा डबा घरात ठेवायला परवानगी लागत असणार, असं त्यांना दुसऱ्याच आठवड्यात वाटू लागलं. त्यांच्या वडिलांच्या रेडिओचं लायसन पोस्टात मिळे, म्हणून ते पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसानं, ती लायसनं बंद होऊन किती वर्षं झाली ते सांगितलं आणि तेवढ्यासाठी शेजारच्या खिडकीतल्या माणसाला बोलावूनही घेतलं. पोस्टातून ते टेलिफोनवाल्यांकडे गेले, तिथून आणखी एका कार्यालयात. तिथलं टेबल बंदुकांचं आणि फटाक्यांचं होतं. गोळी आणि धूर यांची चौकशी झाली ती तिथं. शेवटी त्यांनी तीन प्रतींत अर्ज दिला आणि पोच घेतली. पोचेवर आवक क्रमांक पडला होता, त्यामुळे त्यांना परवानगीच मिळाल्यासारखं समाधान झालं.

जानेवारीत ते माहितीपुस्तकाच्या चौपन्नाव्या पानावर पोचले. तिथं शोधाच्या बटनाची माहिती होती. खणांमधल्या आकड्यांपलीकडे जे मोकळं रान आहे ते डबा या बटनानं आपला आपण धुंडाळतो. ताराचंदबाबूंनी बटन दाबलं. आकडे पळाले, थबकले, आणि डब्यातून पटले गुरुजींच्या बायकोचा, सुखवंताबाईंचा आवाज आला.

झालं असं होतं की मुलगी भूमेश्वरी हिचं लग्न केशोरी गावच्या मुलाशी ठरल्यापासून गुरुजींकडे फोन सारखा वाजू लागला होता, आणि बायकोला कामं टाकून धावावं लागू नये म्हणून गुरुजींनी बिनवायरचा फोन आणला होता. तो अंगणात घेऊन फिरता येई. सुखवंताबाई आमगावच्या बहिणीशी, सावित्रीबाईंशी, त्यावर पोवारीत बोलत. भिंतीपलीकडे तो डब्यातही बोले, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सभ्य माणसानं इथं डबा बंद केला असता. ताराचंदबाबू सभ्यच होते, पण ते कारकूनही होते, आणि चुकीच्या पत्त्यावर आलेलं पत्रसुद्धा आवक करावंच लागतं. तो आकडा त्यांनी राखीव तिसांपैकी पहिल्या खणात भरला.

अ.क्र. 41. चॅनेल 171. सौ. सुखवंताबाई पटले यांचेकडून. विषय: गॅस संपलेबाबत व केशोरीचे व्याही उद्याच येत असलेबाबत.

आणि सहावा रकाना. ‘नोंद घेतली’ लिहायला हात उचलेना. चहासाठी व्याही येऊन बसलेत आणि आपण नोंद घेतली आहे, हे काही बरं दिसत नव्हतं. त्यांनी घरातलं भरलेलं सिलेंडर उचललं, फाटकातून शेजारी नेलं आणि म्हणाले, ‘वहिनी, आमच्याकडे दोन आहेत. म्हटलं, सहज.’ सुखवंताबाई सिलेंडरकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. कार्यवाही: सिलेंडर पोचते केले.

इथून रकान्याला चटक लागली.

अ.क्र. 43. विषय: शहारे यांचे खिडकीचा पोपटी पडदा पाहून डोळे दुखत असलेबाबत. कार्यवाही: पडदा उतरविला.

अ.क्र. 46. विषय: शहारे भाऊजी माणूस भले, परंतु बोलायला बसले की कढी थंड होत असलेबाबत.

हे शेवटचं लिहून झाल्यावर ताराचंदबाबू बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत बसले. ‘कार्यवाही: शेजारी बोलणे कमी केले’ असं त्यांनी लिहिलं आणि चार दिवस पाळलंही. पाचव्या दिवशी गुरुजींनी कुंपणावरून विचारलं, ‘काऊन बाबू, तब्येत बरी नाही का?’ बाबूंनी मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, ते गुरुजींना कळलं नाही, आणि ते एक गोळी घेऊन आले.

पडद्यावरून पार्वताबाईंनी पकडलं.

‘काऊन काढला?’

‘डोळ्याला त्रास होतो.’

‘कोणाच्या?’

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ताराचंदबाबूंनी खोटं कधी लिहिलं नव्हतं, त्यामुळे बोलायचाही सराव नव्हता. त्यांनी रजिस्टर पुढं केलं. पार्वताबाईंनी दोन पानं वाचली आणि ते मिटून मांडीवर ठेवलं.

‘दर पौर्णिमेले विहारात का म्हणता तुम्ही? न दिलेलं घेणार नाही म्हणता ना? मंग वहिनीचं बोलणं तुम्हाले कोणी देल्लं?’

‘लहरी आपोआप येतात. भिंतीतून.’

‘त्यांची कोंबडी बी आपोआपच येते आपल्या आंगणात. कापून खातो का आपण?’

याला शहाण्णव पानांत उत्तर नव्हतं. एकसष्टाव्या पानावर मात्र एखादा आकडा खणातून न पुसता कायमचा गाळायची सोय होती: एकच बटन. ताराचंदबाबूंनी कबूल केलं की आजच गाळतो. पार्वताबाई मोनालीला, म्हणजे लेकीला, घेऊन बाजारात गेल्या. बाबूंनी डबा लावला, पान उघडलं, 171 वर आले आणि बटनावर बोट ठेवलं. सुखवंताबाई बोलत होत्या. वाक्य अर्ध्यात तोडू नये म्हणून बोट थांबलं.

उजव्या बाजूला हाताला गाठ लागते, त्या बहिणीला सांगत होत्या. छातीत. दुखत नाही. दोन महिने झाले. गुरुजींना सांगितलेलं नाही. भूमीचं लग्न नऊ मेला आहे. आधी ते पार पडू दे. आता दवाखाने सुरू झाले आणि केशोरीला कळलं, तर ती माणसं काय म्हणतील. तुला माझी शपथ आहे, कोणाला सांगू नको.

डबा मग आपोआप पुढं गेला आणि एक गार्ड म्हणाला, पाठीमागे सर्व ठीक आहे.

अ.क्र. 52 चे पाच रकाने त्यांनी भरले. सहावा कोरा राहिला. एक दिवस राहिला, दोन दिवस राहिला. ऑफिसात ते दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारत आणि डोळ्यांपुढं तो लाल चौकोन येई. नऊ मेपर्यंत साडेतीन महिने होते. बायकोला सांगावं तर बटन दाबलं नव्हतं हे सांगावं लागणार. वहिनींना सांगावं तर, कुठून कळलं? गुरुजींना सांगावं तर शपथ मोडते. ती शपथ आपण घेतलेली नाही हे खरं, पण ऐकली आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांना उपाय सुचला. तो कारकुनालाच सुचण्यासारखा होता. एका बाईला तपासायचं असेल आणि ते कुणाला कळू द्यायचं नसेल, तर सगळ्याच बायकांना तपासायचं.

‘फुलचूर परिसर महिला आरोग्य तपासणी शिबिर’ असं नाव ठरलं. गुरुजी अध्यक्ष झाले, छोटेलाल मंडपप्रमुख झाले. डॉक्टर मिळावा म्हणून ताराचंदबाबूंनी अर्ज लिहायला घेतला आणि तिथं ते अडले. कशाची तपासणी, हे लिहायला एक शब्द लागत होता. तो मराठीत होता, इंग्रजीतही होता, पण बडे बाबूंनी सही करून पाठवायच्या अर्जात बसेल असा कुठल्याच भाषेत नव्हता. कच्च्या कागदावर त्यांनी तो तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला; चौथ्यांदा तो कागद फाडून चुलीत टाकला. शेवटी पक्क्या अर्जात लिहिलं: ‘महिलांच्या सर्वसाधारण तसेच विशेष तक्रारींची तपासणी होणेस विनंती.’

हा अर्ज वाचून कुणालाही जे कळलं असतं तेच सरकारी दवाखान्यातल्या साहेबांना कळलं, म्हणजे काहीच नाही. त्या रविवारी त्यांच्याकडे दात तपासणारी फिरती गाडी मोकळी होती.

दोन फेब्रुवारीला सकाळी मंडपासमोर ती येऊन उभी राहिली. तिच्यावर हसरी बत्तिशी काढली होती. ताराचंदबाबू तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, आत आणखी कुणी आहे का बघायला.

‘दुसरे डॉक्टर मागून येत आहेत का?’ त्यांनी विचारलं.

‘दुसरे कशाला?’ डॉक्टर म्हणाले. ‘मी अक्कलदाढही काढतो.’

गुरुजींनी दातांच्या निगेवर चाळीस मिनिटं भाषण केलं; विषय आयत्या वेळी बदलला होता, पण गुरुजींचं काही अडलं नाही. सुखवंताबाई सकाळपासून चहाच्या पातेल्यापाशी होत्या. ताराचंदबाबू चार वेळा जाऊन म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही पण दाखवून घ्या.’ शेवटी त्या पदराला हात पुसत गेल्या, खुर्चीत बसल्या, तोंड उघडलं.

‘उत्तम,’ डॉक्टर म्हणाले. ‘अजून पन्नास वर्षं काही होत नाही तुम्हाला.’

सगळे हसले. सुखवंताबाईही हसल्या, आणि खुर्चीतून उठताना त्यांनी उजवा हात जरा जपून टेकला. ते फक्त ताराचंदबाबूंनी पाहिलं.

दुपारी मंडप सुटेपर्यंत लोक त्यांचं अभिनंदन करत होते. ‘बडे बाबू, आप तो दाँतवाले निकले,’ छोटेलाल म्हणाले. एका म्हाताऱ्यानं वाटेत थांबवून दाढ दाखवली. ताराचंदबाबू घरी आले, गळ्यातला हार खुंटीला अडकवला आणि पार्वताबाईंसमोर बसून बावन्न क्रमांकाची नोंद सांगितली. बटन दाबलं नव्हतं, इथपासून.

पार्वताबाईंनी हार खुंटीवरून काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, ‘तिले सांगा.’

‘तूच सहज विचारून पाहा ना. बायका-बायका.’

‘सहज? नळावर उभं राहून? वहिनी म्हणन, काही नाही जी. मंग? घरी येऊन गप बसू? नाही. तिले कळलं पाहिजे का आपल्याले माहीत आहे. चोरी तुमची, तोंड तुमचं. मी संगं येतो.’

गुरुजी मंडपाचं सामान परत करायला गेले होते. सुखवंताबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताराचंदबाबूंना स्वतःच्या शब्दांत सांगता येईना, म्हणून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. ‘सदर महिलेने आपले भगिनीस दूरध्वनीवरून...’ तिथं थांबून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पार्वताबाईंनी त्यांच्या हातातून रजिस्टर घेतलं आणि सुखवंताबाईंच्या हातात दिलं.

सुखवंताबाईंनी वाचलं. मग मागची पानं उलटली.

‘म्हणून थे सिलेंडर?’

‘एक्केचाळीस,’ ताराचंदबाबू म्हणाले.

‘अन् पडदा?’

‘त्रेचाळीस.’

‘कढीचं बी लिवलं?’

त्यांनी मान खाली घातली.

‘लाज नाही वाटली, भाऊजी?’

‘वाटली,’ ताराचंदबाबू म्हणाले. ‘म्हणून तर दातांचा डॉक्टर आला.’

सुपातले तांदूळ एका बाजूला सरकले. सुखवंताबाईंनी ते सारखे केले, पुन्हा सारखे केले. मग वर न बघता म्हणाल्या, ‘तुम्ही जा आता. पार्वता, तू बस.’

तीन दिवसांनी दोघी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेल्या. गुरुजींना आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं गेलं होतं. ते शेजारी आले, व्हरांड्यात बसले आणि म्हणाले, ‘रजिस्टर द्या.’ पहिल्या नोंदीपासून त्यांनी ते वाचलं. खिशातून लाल पेन काढून तीन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या. चाळीस वर्षांची सवय होती. बावन्नावर आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि काढलेलाच ठेवला.

‘दोन महिने,’ ते म्हणाले. ‘एका घरात राहतो आम्ही, बाबू. मले नाही आइकू आलं.’

कॉलनीला कळायला दोन दिवस लागले. त्यानंतर फुलचूरला कुणी फोनवर काही बोलेना. सगळे ‘बाकी भेटल्यावर’ म्हणून फोन ठेवत. ताराचंदबाबू न्हाव्याकडे गेले की तिथली चर्चा थांबे आणि पाण्याचा विषय निघे. तीन घरं सोडून राहणाऱ्या ईश्वरदासांनी तर वायरचा फोनसुद्धा माठाखाली झाकून ठेवला. ताराचंदबाबूंनी एका रविवारी बसून एकशे एकाहत्तर खण एकेक करून पुसले. पुसायला भरण्यापेक्षा एक बटन जास्त लागतं.

लग्नाची पत्रिका आली ती ‘सौ. पार्वताबाई शहारे आणि परिवार’ या नावानं. परिवारात आपण येतो का, यावर ताराचंदबाबूंनी दोन दिवस विचार केला. मग इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि मंडपाच्या टोकाला, पंखा पोचत नव्हता अशा खुर्चीवर बसले. केशोरीच्या व्याहीनबाईंना सगळं फेब्रुवारीतच सांगितलेलं होतं. ‘आमच्या घरात पाच बाया आहेत,’ त्या म्हणाल्या होत्या. ‘कोणाले ना कोणाले काही आहेच. लगन कायले मोडते?’ औषधांनी केस गेले होते, म्हणून सुखवंताबाईंनी त्या दिवशी डोक्यावरचा पदर एकदाही ढळू दिला नाही आणि ताराचंदबाबूंकडे एकदाही पाहिलं नाही.

डबा पुढच्या दिवाळीत विवेकबरोबर परत गेला. तो गेल्याचं सुखवंताबाईंना पार्वताबाईंनी स्वतः सांगितलं. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं, फोन बदलले, मोबाइल आले, भूमेश्वरीला दोन मुलं झाली, तरी आमगावच्या बहिणीला फोन लावला की सुखवंताबाई आधी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत, ‘भाऊजी, आइकून राहिले का? बरं, आइका मंग.’ आणि भिंतीपलीकडे ताराचंदबाबू पेपर वाचत असले तर उठून अंगणात जात.

गाठ अकरा फेब्रुवारीला काढली. ती वाटाण्याएवढी होती.